वामनरावांचा पाठकोरा कागद

मयताचे नाव : वामन सखाराम भुजाडे, ढोरांचे डॉक्टर. वय छप्पन वर्षे. राहणार नालवाडी, वर्धा. मृत्यूचे ठिकाण : राहत्या घराची ओसरी. तिथी व वेळ : कार्तिक वद्य षष्ठी, सकाळी साडेआठचा सुमार, चहाची बशी हातात असताना. साक्षीदार : पहिली, पत्नी लक्ष्मीबाई, दुसरी, भिंतीला भिंत लागून राहणारी गंगाबाई, तिसरा टिक्या, जातीने कुत्रा, रंग तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, वय अंदाजे नऊ, ज्याची साक्ष कोणत्याही कचेरीत घेतली जात नाही. तक्रारदार : खाली सही करणार गणपत मारोती ढोबळे, अर्जनवीस, वर्धा कचेरी. तक्रार कोणाविरुद्ध : हा रकाना तूर्त कोरा ठेवला आहे. तो भरला जावा, एवढ्यासाठीच पुढील मजकूर लिहिला आहे.

वीस वर्षांहून अधिक काळ मी कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखाली बसून लोकांची दुःखे कागदावर मांडीत आलो आहे. माझे शिक्षण मराठी चौथी व वर इंग्रजी दोन इयत्ता एवढेच झाले. तथापि केळझरपासून आर्वीपर्यंतची माणसे अर्ज लिहावयास माझ्याकडेच येतात, आणि खुद्द शिरस्तेदारांनी एकदा चारचौघांत म्हटले होते की, ढोबळ्यांचा अर्ज वाचला की विरुद्ध बाजू ऐकण्याची इच्छाच राहत नाही. हे वाक्य मी पुष्कळ वर्षे भूषणासारखे मिरविले. त्या दिवशी सकाळी मी सेलूच्या एका बाईचा विहिरीच्या वाटेबद्दलचा अर्ज लिहीत होतो. नामदेव टांगेवाला टांगा उभा करून खाली उतरला आणि उगाच घोड्याचा पट्टा सारखा करीत राहिला. मग म्हणाला, “मुन्शीजी, तुमचे डॉक्टर गेले.” मी मान वर न करता विचारले, “कुठं गेले? तळेगावले?” कारण निवृत्त झाल्यावरही कोणाची गाय अडली, कोणाचा बैल फुगला की वामनराव पिशवी घेऊन निघत. नामदेव म्हणाला, “नाई मुन्शीजी... गेले ते गाव दुसरं हाय.” मी हातातले वाक्य पुरे केले. सही कोठे करावयाची ते बाईंना दाखविले. टांग्यात बसल्यावर आठवले की अर्जावर गावाचे नाव घालावयाचेच राहिले. माझ्या हातून असे कधी होत नाही.

वामनरावांशी माझी ओळख कशी झाली, हे सांगताना माझी लेखणी अडखळते. परंतु न सांगितल्यास हा लेख खोटा ठरेल. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर तीन-चार वर्षांनी एक श्रीमंत कापूस-व्यापारी माझ्याकडे आले. ते आज हयात नाहीत, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे विलायती जातीचा एक मोठा कुत्रा होता. घरात मुलाचे लग्न झाले. पंगतीमागून पंगती उठल्या, आणि तीन दिवस त्या कुत्र्यापुढे तळणीच्या पुऱ्या, बुंदी आणि तुपात भिजलेली उष्टी पडत राहिली. चौथ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. ढोरांच्या दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी सांगितले की त्याच्या तोंडात अन्न जाऊ देऊ नका, पाणी चमच्याने द्या, मी कातडीखाली मिठाचे पाणी भरतो. दोन दिवस असे चालले आणि कुत्रा मेला. शेठजींनी मला सगळी हकीकत चार ओळींत सांगितली. मी विचारले, “मरायच्या आधी कसा दिसत होता?” ते म्हणाले, “अजब दिसायचा. पुढचे पाय अन् छाती भुईले लावायचा, अन् मागून कमरेत उभा.” ते चित्र माझ्या मनात भरले. चार ओळींची मी दोन पाने केली. त्यांत हे वाक्य होते : ‘सदर मुके जनावर पुढचे पाय भुईवर टेकून, मस्तक लववून अन्नाची भीक मागत असता सदर डॉक्टरांचे हृदय द्रवले नाही, व अखेर त्यांनी त्यास उपाशी मारले.’ शेठजींनी भीक हा शब्द उच्चारला नव्हता. तो माझा होता. ते वाक्य मी त्यांना दोनदा वाचून दाखविले, आणि दुसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, याचा मला त्या वेळी आनंद झाला होता.

डॉक्टरांकडून खुलासा मागविण्यात आला. तो त्यांनी इंग्रजीत लिहिला, अर्धे पान. माझा अर्ज मराठीत दोन पाने होता, आणि वाचणाऱ्याने बहुधा माझाच वाचला. त्यांच्या नोकरीच्या कागदांत शेरा पडला की, जनावरांच्या खाण्यापिण्याबाबत हयगय करतात. त्यांची बदली तळेगावला झाली. बदली तीन वर्षांत संपली. शेरा मात्र राहिला, आणि त्याहून वाईट म्हणजे माझे वाक्य कचेरीतून बाजारात उतरले. लोक त्यांना ‘उपाशी डॉक्टर’ म्हणू लागले. एखाद्याच्या बैलाचा खूर चिरलेला असला तरी मालक हसत विचारी, “कडबा टाकू का डॉक्टर, का याचाही उपास?”

ते वर्ध्याला परत आल्यावर मी त्यांच्या वाटेवरून जाणे टाळीत असे. पण माझ्या घरी एक मनी होती, राखाडी, नऊ वर्षांची. मला मूलबाळ नाही. त्यामुळे तिच्याबद्दल अधिक काही लिहीत नाही. ती एकाएकी धान्याच्या कणगीमागे जाऊन बसली. उलटी नाही, ओरडणे नाही, काही नाही. फक्त खाणे सोडले आणि उचलू गेले की अंग पोटाशी आकसून घेई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी पत्नी म्हणाली, “तुम्हाले जायची लाज वाटत असन तर मी जातो.” मी टोपलीत फडके घालून मनीला नेले. वामनराव ओसरीवर बसले होते. अंगात बंडी, नाकावर चष्मा, समोर पितळेची वाटी, आणि त्या वाटीतून एका तांबूस कुत्र्याच्या पिल्लाला ते चमच्याने काहीतरी पाजीत होते. तोच टिक्या. मी नाव सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मनीला हातात घेऊन तिच्या पोटावरून बोटे फिरविली, तिचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, कानाची आतली बाजू उजेडाकडे धरली. मग म्हणाले, “ढोबळे म्हंजे अर्जवाले मुन्शीजी ना? ते पुढचे पाय टेकून, मस्तक लववून... ते तुमचंच व्हय?”

मी टोपलीतल्या फडक्याची घडी घातली.

“वाक्य झकास जमलं व्हतं,” ते म्हणाले. त्यात टोमणा शोधण्याचा मी पुढे कित्येक वर्षे प्रयत्न केला. मला तो सापडला नाही. “फक्त तो भीक नव्हता मागत, मुन्शीजी. त्याचं पोट फाटून राह्यलं व्हतं. पोट दुखते तवा कुत्रं असं उभं राह्यते. छाती भुईले लावली, मागची बाजू वर ठेवली, का पोटावरचा ताण जरासा कमी व्हते. लोकायले वाटते जनावर नमस्कार करून राह्यलं. म्या त्याचं पोट उघडून पायलं, मेल्यावर. आत चुन्यासारखे पांढरे ठिपके सांडले व्हते चरबीवर.”

मग त्यांनी मनीला मांडीवर ठेवून मला जे समजावून सांगितले, ते पुढे अनेकदा ऐकल्यामुळे मला पाठ झाले आहे. जठराच्या मागे पानासारखा लांबट एक अवयव असतो; पुस्तकांत त्यास स्वादुपिंड म्हणतात. अन्न पचविणारा रस तो तयार करतो आणि आतड्यात सोडतो. रस आतड्यात गेला तर अन्न पचते. पण ते पिंड सुजले की रस आतच जागा होतो, आणि ज्याने अन्न पचवावे तो स्वतःचे घरच पचवू लागतो. “चुलीतला इस्तो चुलीत असला तर सैपाक,” ते म्हणत, “अन् छपराले लागला तर घर गेलं. इस्तो तोच.” काही जनावरांत याचे कारण कळत नाही, परंतु कुत्र्यांच्या बाबतीत त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते की लग्नसराई, पितृपक्ष आणि देवस्थानाची जेवणे यांच्या मागोमाग हे दुखणे येते. केळझरला नवस फेडणारे कणकेचे भाजलेले रोडगे करतात, तुपात बुडवून खातात आणि उरलेले देवाच्या दारचे म्हणून कुत्र्यांना घालतात. वर्षभर कोरड्या भाकरीवर राहणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम पावशेर तूप जाते. लठ्ठ कुत्र्यांना अधिक, म्हाताऱ्यांना अधिक. “खातरी फक्त पोट उघडल्यावर व्हते,” ते सांगत. “जित्या जनावरात म्या अदमास करतो. अदमास चुकूही शकते.” कचेरीत इतकी वर्षे बसून अदमास चुकू शकतो असे म्हणणारा सरकारी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी धैर्य करून विचारले की मग मनीलाही आता उपाशी ठेवावयाचे काय? त्यांचा हात मनीच्या पाठीवर थांबला. “नाई,” ते म्हणाले. “हिचंही दुखणं तेच दिसते, पण मांजरीले उपाशी ठिवाचं नाई. कुत्र्याच्या उलट्या चालू असल्या तर एखादा दिवस पोटाले इसावा द्याचा; उलटी थांबली का लगेच पातळ पेज. तो काई एकादशीचा उपास नाई का पुरा केलाच पायजे. पण मांजर दोन-तीन दिवस जेवली नाई तर तिचं काळीज, म्हंजे यकृत, बसते. पिवळी पडते अन् जाते.” मनीचा कान पुन्हा उजेडाकडे धरीत ते म्हणाले, “तळेगावले एका मास्तरची मांजर माह्याकडं आलती. म्या कुत्र्यासारखं तिलेही उपाशी ठिवलं. तिसऱ्या दिवशी कान आतून हळदीवानी झाले. ती म्या मारली, मुन्शीजी. तिच्यासाठी कोणी अर्ज नाई केला.”

ते आत गेले आणि एक घडीचा कागद घेऊन आले. एका बाजूस लिहिलेला, दुसऱ्या बाजूस कोरा. आमच्या धंद्यात ज्यास पाठकोरा म्हणतात तसला. पाठीवर त्यांनी शिसपेन्सिलीने लिहून दिले : मासळी किंवा कोंबडीचे मांस, कातडी व चरबी काढून, पाण्यात उकडून, कोमट असताना बोटावर घेऊन मांजरीच्या ओठाला लावावे. दिवसातून सहा वेळा, सुपारीएवढे. पाणी जवळ ठेवावे. सायीचे दूध, लोणी, तूप बंद. आपणहून खाईपर्यंत सोडू नये. माझ्या घरी मांसमच्छी शिजत नव्हती. माझ्या पत्नीने अंगणात वेगळी चूल मांडली आणि सहा दिवस ती मांजरीच्या ओठाला बोट लावीत बसली. सातव्या दिवशी मनीने बोट चावले आणि भांड्याकडे गेली. मनी त्यानंतर चार वर्षे जगली. पण मी तो कागद उलटून पाहिला होता. ती खुलासा मागताना त्यांना पाठविलेली माझ्याच अर्जाची नक्कल होती. तीन वर्षे त्यांनी ती जपून ठेवली होती, आणि माझ्या मांजरीसाठी तिच्या पाठीवर लिहून ती मला परत केली होती. त्यांना दुसरा कागद सापडला नसेल काय? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. विचारला असता तर ते हसले असते, एवढे मला ठाऊक आहे.

त्यानंतर रोज चार वाजता कचेरीतून उठून नालवाडीस जाण्याचा माझा परिपाठ पडला. टिक्याला पिल्लूपणी हेच दुखणे झाले होते, आणि एकदा झालेले पुन्हा उलटते म्हणून वामनराव त्याचे जेवण जन्मभर स्वतःच्या हाताने करीत. गाळलेली भाताची पेज, फोडणी न घातलेल्या वरणाचे पाणी, लोणी काढलेले ताक, कधी चरबी काढून उकडलेले मांस. दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. वहिनी म्हणजे लक्ष्मीबाई आतून म्हणत, “माह्या हातचं तूप घातलेलं वरण यायले चालते, अन् कुत्र्याले पथ्य. कुत्रा डॉक्टर झाला अन् डॉक्टर कुत्र्यावानी खादाड झाले.” वामनराव मान हलवून म्हणत, “आयकलं का टिक्या? तुह्यी माय आपल्या दोघायलेही नावं ठिवून राह्यली.” लग्नसराईत ते न बोलावता मांडवात जाऊन आचाऱ्याला आणि पोरीबाळींना सांगत की उष्टे कुत्र्यांपुढे टाकू नका, खड्ड्यात पुरा. लोक हसत. “आले उपाशी डॉक्टर! आता कुत्र्यायच्या पंगतीले सोवळं!” मी त्यांच्याबरोबर असे, प्रत्येक वेळी ते नाव माझ्या कानावर पडे, आणि प्रत्येक वेळी ते माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेत.

मी त्यांना एकदा नव्हे, अनेकदा म्हटले, “डॉक्टरसाहेब, म्या दुसरा अर्ज लिवतो. पहिला अर्ज चुकीच्या समजुतीवर व्हता, शेरा काढून टाकावा, असा.” ते म्हणत, “लिवा ना. घाई काई नाई. आधी नीट समजून घ्या, मंग लिवा. मागच्या खेपेले तुमी आधी लिवलं.” मी मसुदा केला. पुन्हा केला. तो मला पहिल्याइतका सुंदर वाटेना, आणि कमी सुंदर अर्ज वामनरावांच्या नावाने जावा हे मला सहन होईना. अशात प्रांत बदलला; नागपूरची राजधानी गेली, आम्ही मुंबई राज्यात आलो, जुनी दप्तरे कोठून कोठे गेली ते कोणासच सांगता येईना. कोणाच्या नावे लिहावे हे ठरविण्यात मी आणखी वर्ष घालविले. वामनराव शेऱ्यासकट निवृत्त झाले. निरोपाचा हार टिक्याच्या गळ्यात घालून ते घरी आले आणि मला म्हणाले, “मुन्शीजी, उद्यापासून चारले नका येऊ, तीनले येत जा. आता मले येळच येळ हाय.” मी तीनला कधीच गेलो नाही. कचेरी चारला सुटते, असे मी स्वतःला सांगत आलो... तो एक तास आता मी कोठून आणू?

तेरवीच्या दिवशी घडलेली गोष्ट मी लपविणार नाही. वामनरावांना मूल नव्हते. पुतण्याने विधी केले, पण पाने वाढण्याची व्यवस्था मी पाहत होतो. कावळ्याचे पान ठेवले, गायीचा घास काढला, कुत्र्याचा घास काढण्याची वेळ आली. जमलेल्या मंडळींसमोर मी म्हणालो की टिक्या हा दारचा कुत्रा नव्हे, घरचा माणूस आहे. त्यास घास नको, पान मांडा. मी स्वतः त्याच्यापुढे केळीचे पान मांडले. वडे वाढले, पुरण वाढले, आणि सर्वांच्या देखत वर तुपाची धार धरली. तेरा दिवस टिक्याने नीट खाल्ले नव्हते. त्याला जेवताना पाहून बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. मला सर्व ठाऊक होते. पेज, ताक, चार वेळा, थोडे थोडे. सर्व पाठ होते. त्या क्षणी त्यातले एक अक्षर माझ्या डोळ्यांपुढे आले नाही. वामनरावांचे प्रेम लोकांना दिसावे एवढेच माझ्या मनात होते, आणि ते तुपावाचून दिसणार कसे?

तिसऱ्या दिवशी सकाळपासून कचेरीत बातमी होती की नालवाडीत डॉक्टरांचा कुत्रा त्यांच्या फोटोसमोर नमस्कार घालतो. नामदेव टांगेवाला दोन सवारींना मुद्दाम दाखवून आला होता. “मुन्शीजी, काय इमान! पुढचे पाय जोडून डोकं टेकवते. गंगाबाईनं त्याच्या कपाळाले कुंकू लावलं. लोकं पेढे ठिवून राह्यले.” खरे सांगावयाचे तर त्याच वेळी माझ्या मनात वाक्य तयार होऊ लागले होते. चारला मी नालवाडीस पोहोचलो. ओसरीवर माणसे हात जोडून उभी होती. भिंतीवर वामनरावांचा फोटो, खाली समई, आणि समईसमोर टिक्या : छाती भुईला, पुढचे पाय लांब, मागची बाजू वर. डोळे अर्धे मिटलेले. कोपऱ्यात पिवळ्या ओकारीवर कोणीतरी राख टाकली होती.

ते चित्र माझे होते. मी ते न पाहता लिहिले होते, आणि आता प्रथमच पाहत होतो.

मी पेढे उचलून अंगणाबाहेर फेकले. ढोरांच्या दवाखान्याचे नवे डॉक्टर लसी टोचण्याच्या कामावर आष्टीकडे गेले होते, दोन दिवस परतणार नव्हते. कंपाउंडरने येऊन कातडीखाली मिठाचे पाणी भरले आणि म्हणाला, “पुढचं तुमालेच माईत. म्या डॉक्टरसाहेबाच्या हाताखाली पाणीच उकळलं फक्त.” मी वहिनींना सांगितले की उद्या सकाळपर्यंत अन्न नाही, पाणी चमच्याने, दर थोड्या वेळाने. त्यांनी वामनरावांची पितळेची वाटी आणून दिली आणि टिक्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन अंगणात आले तरी ओकारी थांबली नव्हती. गंगाबाई भिंतीवरून पाहत होती. तिने एका ताटात दूधभाकरी आणली. मी ती परत केली. तेव्हा ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पाय ना बाई! मालक मेला, अन् आता हा मुन्शी कुत्र्याले उपाशी मारून राह्यला! ते मुकं जनावर हात जोडून मांगते, अन् याले काई दया हाय का?”

अंगणात चार माणसे होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. विरुद्ध बाजू ऐकण्याची इच्छा त्यांच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर नव्हती. माझ्याजवळ सांगण्यासारखे सर्व काही होते, स्वादुपिंड होते, चूल आणि छप्पर होते. पण ते सांगावे कोणास? वामनरावांनी इंग्रजीत अर्धेच पान का लिहिले होते, ते त्या क्षणी मला कळले.

बोलल्या त्या वहिनी. मान वर न करता म्हणाल्या, “गंगाबाई, त्यायलेही लोक असंच म्हनत. काऊन म्हनत ते मुन्शीजीले माईत हाय. बसू द्या त्यायले. चमचा थांबवू नका, मुन्शीजी.”

त्यांना ठाऊक होते. इतकी वर्षे माझ्यापुढे चहा ठेवताना त्यांना ठाऊक होते की तो अर्ज कोणाच्या हातचा.

मी चमचा थांबविला नाही. संध्याकाळी पाच वाजता ओकारी थांबली. दिवे लागण्यापूर्वी वहिनींनी पेज गाळली. मी दोन चमचे दिली, ती पोटात राहिली. मग आणखी दोन. त्याच्या पुढल्या दिवशी टिक्या कुशीवर, पाय पसरून झोपला. वामनराव म्हणत, दुखणारे जनावर कधी पाय पसरून झोपत नाही. गंगाबाईने आपल्या ताकातले लोणी काढून तांब्याभर ताक भिंतीवर ठेवले. आता रोज ठेवते.

वामनरावांना जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. मी तीन वाजता कचेरीतून उठतो; पक्षकारांना सांगून ठेवले आहे. टिक्या फाटकात बसलेला असतो. मला पाहून तो शेपूट हलवितो, मग माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहतो, पिशवी घेतलेले कोणी येत आहे काय ते पाहतो, आणि मग माझ्याबरोबर आत येतो. ओसरीवरच्या त्यांच्या लाकडी पाटावर मी बसत नाही, शेजारी बसतो. पितळेच्या वाटीच्या कडेला चमच्याने घासून घासून एक खाच पडली आहे. त्यांचा आंगठा तेथे असे. माझाही तेथेच जातो. वहिनी आतून म्हणतात, “झालं का टिक्याचं?” आणि उत्तर देण्यापूर्वी मी दरवेळी क्षणभर थांबतो, न जाणो, दुसरे कोणी देईल...

तो पाठकोरा कागद माझ्यासमोर आहे. पुढच्या बाजूस माझे वाक्य आहे, दौतीच्या शाईचे, अजून काळेभोर. पाठीवरची शिसपेन्सिल पुसट होत चालली आहे. ‘आपणहून खाईपर्यंत सोडू नये’ एवढी ओळ तेवढी दाबून लिहिल्यामुळे वाचता येते.

करिता नम्र विनंती अर्ज ऐसा की : वर कोरा ठेवलेला रकाना याद्वारे भरण्यात येत आहे. तक्रार गणपत मारोती ढोबळे, अर्जनवीस, याविरुद्ध आहे, आणि तक्रारदारही तोच आहे. वामन सखाराम भुजाडे यांनी कोणत्याही जनावरास उपाशी मारले नाही. त्या जनावराने भीक मागितली नव्हती. ते दुखण्याने वाकले होते. शेऱ्याचा कागद आताच्या महाराष्ट्राच्या, मुंबई राज्याच्या वा जुन्या प्रांताच्या ज्या कोणत्या कपाटात पडला असेल, तेथे ज्या कोणाचा हात पोहोचत असेल, त्याने तो शेरा खोडावा आणि खाली माझे नाव लिहावे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी येत्या लग्नसराईत मांडव पडणार आहे, त्यांनी उष्टे पुरून टाकावे, आणि कुत्र्याने नमस्कार घातला तर हात जोडण्याआधी त्याच्या पोटाला हात लावून पाहावा. उत्तर कृपया माझ्या पत्त्यावर न पाठविता नालवाडीस, लक्ष्मीबाई भुजाडे यांच्या नावे पाठवावे. दुपारी तीननंतर मी तेथेच असतो. पत्र ज्या वाटेने येईल, त्या वाटेकडे तोंड करून टिक्या बसलेला असतो.

सही
गणपत मारोती ढोबळे